नव्वद किलोमीटर

सातवी किक.
आठवी. नवव्या वेळी दांडा उलटला आणि
नडगीवर असा बसला, की शेळ्यासुद्धा चरायच्या थांबल्या.
प्लानेटा ढिम्म.

उद्या एक सप्टेंबर. शाळेची घंटा वाजणार
इथून नव्वद किलोमीटरवर,
आणि दोल्गोरने पहाटेच बांधून ठेवलंय सान्चिरचं गाठोडं:
दोन सदरे, कानटोपी, पिशवीभर वाळल्या चक्क्याचे खडे,
जे वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात संपतात.

बघू, कुठे घोडं पेंड खातंय.
आधी पेट्रोल. टाकीला कान लावून गाडी हलवली,
आत डुचमळतंय. ऑइलही मापात,
मीच घातलं काल, वोडकाच्या रिकाम्या बाटलीने मोजून.
कॉक उघडा. नळी उपसली तर बोटांवर धार आली,
रात्रीच्या हिवाने गार झालेली, आणि तो वास,
जो मला, खरं सांगायचं तर, आवडतो.

मग ठिणगी. प्लग काढला. ओला, काळा.
देलच्या बाहीला पुसला, इंजिनाला टेकवून धरला,
"मार रे," म्हटलं सान्चिरला.
त्याने दोन्ही पायांनी दांड्यावर उडी घेतली.
सात वर्षांचं वजन ते.
तरी पडली, निळी, टिक् करून.
"पडली," मी म्हणालो.
"पडली," तो म्हणाला, जमिनीकडे बघत.

लुव्सान आला मेंढ्या सोडून. त्याला गाड्यांतलं सगळं कळतं,
म्हणजे त्याच्याकडे चिनी गाडी आहे, बटणावर सुरू होणारी.
म्हणाला, कार्बोरेटर खोल.
खोलला. तरटावर मांडला फ्लोट, सुई, जेट.
घोडीच्या शेपटीचा केस उपटून जेटमधून ओवला,
पलीकडे आकाश दिसलं, चिमूटभर, स्वच्छ.
म्हणाला, उतारावरून सोड.
ओढ्यापर्यंत ढकलली तिघांनी. गिअर टाकला,
चाक फरफटलं, गाडी दोनदा गुदमरल्यासारखी खोकली, संपलं.
"विकून टाक," लुव्सान म्हणाला, आणि चहाला गेला.

गुदमरल्यासारखी.
हा शब्द टाळक्यात शिरेपर्यंत
अर्धा चढ परत ढकलून झाला होता.

मागे वाकलो. सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं.
मऊ.
ओढलं तर येतच राहिली लोकर. पांढरी,
मग तपकिरी, मग उंटाची करडी,
काठीने ठासून ठासून बसवलेली,
इतकं नेटकं काम, की मला आधी कौतुकच वाटलं.
सगळ्यात शेवटी निळा धागा,
कानटोपीच्या गोंड्याचा.

मान वर केली. तो लांब उभा होता,
कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून,
कुत्र्याला काहीतरी समजावत.

मला सोडायला वडील आले होते तेव्हा उंट होता.
उंटाला बोळा कुठे घालणार.

लोकर देलच्या आत, छातीशी सरकवली.
पाना उचलला.
पुसलेला प्लग पुन्हा काढून पुसला.
कार्बोरेटर पुन्हा खोलला,
सुई उन्हात धरून बघितली, जशी काही वाकलीच आहे.
गेरच्या दारातून दोल्गोर ओरडली, "झालं का?"
"सापडत नाहीये."
बराच वेळ ती तिथेच उभी राहिली.
मग आत जाऊन तिने गाठोडं सोडलं असावं,
कारण खडे ताटात पडल्याचा आवाज आला.

सान्चिर टप्प्याटप्प्याने जवळ आला. उकिडवा बसला.
पाने मापाने लावायला लागला, लहानापासून मोठ्यापर्यंत.
"उद्या सुरू होईल?"
"उद्या होईल. दुपारपर्यंत पोचू."
त्याने मान हलवली.
मग तेराचा पाना पुसून माझ्यापुढे धरला,
न मागता.
मला तोच हवा होता.