वैरागच्या पुढे, धारेकडे

एसटीने आम्हा तिघींना फाट्यावर उतरवलं
आणि चिखल उडवत निघून गेली.
लचम्माच्या पिशवीत कडक भाकरी, शेंगा चटणी.
चंद्रव्वाच्या पायात मुलाचे बूट, दोन नंबर मोठे,
पुढे चिंध्या कोंबलेले,
कारखान्यातल्याच, टॉवेलच्या कडांच्या.

बिरदेव थांबला होता. वय सोळा,
पण चाल मेंढरांमागची, घाई नसलेली.
म्हणाला, "हस्त बरा झालाय. धार अजून आठ दिवस चालंल.
मग नुसता दगड."

आमच्याकडे डोंगर म्हणजे
माळाने झोपेत कूस बदलली, तेवढाच.
पण बालाघाटाची ही शेवटची पायरी
छपन्नाव्या वर्षी गुडघ्यांना पुरते.
वाट तरवडातून. पिवळी फुलं कोपराला लागतात.
कुसळं साडीच्या काठात शिरतात
आणि आपण थांबलो तरी ती आत चालत राहतात.
चंद्रव्वा खाली बसून एकेक उपटत म्हणाली,
"ह्यांना कुणी शिकवलं गं विणायला?"

धावड्याच्या बुंध्याशी कळलावी फुललेली.
लचम्मा तोडायला वाकली.
"विष हाय त्ये," बिरदेव म्हणाला.
तिने हात मागे घेतला, नजर नाही.
खाली पिवळा, टोकाला लाल, मधे सांधा कुठेच नाही.
"असा शेड आपल्या रंगाऱ्याला तीन वर्षं जमला नाही."

मला सायाळीचा काटा सापडला.
तो मी अंबाड्यात खोचला.

मग बिरदेवने हात वर केला.
"ऐका. लावा बोलतोय."
तिघींनी माना कलत्या केल्या
आणि काहीच आलं नाही.

एकतीस वर्षं मागांच्या शेडमध्ये.
बारीक आवाज आधी जातात:
कुकरची शिट्टी, पैंजण, फोन.
डॉक्टर म्हणाला, वरची पट्टी गेली.
जणू कापडाचीच पट्टी, गेली तर गेली.

पोराला आम्ही सांगितलं नाही.
तो हौसेने पुन्हा म्हणाला, "आता बघा, तीनदा."
लचम्माने माझ्याकडे बघून
आवाज न काढता, ओठांनी विचारलं: तुला?
मी ओठांनीच: नाही.
शेडमध्ये आम्ही अशाच बोलतो.
लग्नं ठरली, मयतं कळली,
एकदा तर वर्षभराचं भांडण झालं,
एक अक्षर न ऐकता.

पुढच्या वळणावर, खडकावर, चंडोल.
तुरा उभा, चोच उघडी,
गळ्यावरची पिसं उठत, बसत, उठत.
डोळे आपोआप तिथे गेले
जिथे रोज जातात.
मी त्याचा गळा वाचला.
लांब वाक्य होतं. मधेच एक श्वास.
शब्द कळले नाहीत,
पण कुणाला तरी बोलावतोय एवढं कळलं.
असं तोंड मी ओळखते.

धार दोन पुरुष उंच,
रुंदीला एक चादर, तीही दुमडलेली.
लचम्मा म्हणाली, एवढ्यासाठी आलो?
आणि पाण्याखालच्या कातळावर पाय ठेवला.

तळव्यातून वर येते ती.
पोटऱ्या, कंबर, बरगड्या.
हा आवाज खालच्या पट्टीतला,
तो अजून शिल्लक आहे माझ्याजवळ.
चंद्रव्वा बूट काढून, दोन्ही हात खडकाला लावून उभी,
जशी पहिल्या दिवशी मागाला हात लावून उभी होती.
लचम्मा ओरडली, "चौदा माग एकदम लावलेत गं!"
ओरडली की नुसती म्हणाली, माहीत नाही.
ओठांवर तेच होतं.

पाण्यामागच्या कपारीत नेचे, नखाएवढं शेवाळ,
आणि एक बोटाएवढा बेडूक
गळा फुगवून बसलेला.
त्याचंही काहीतरी चाललं होतं.

लांबून बिरदेवने तोंड मोठं करून,
हात हलवून विचारलं,
त्याला वाटलं पाण्यात ऐकू जाणार नाही:
आ-व-ड-लं का?
तिघींनी एकदम वाचलं.

उतरताना तो पुन्हा थांबला, हात वर.
या वेळी चंद्रव्वाने विचारलं,
"कुठं बसलाय ते दाखव रे.
दिसला, तर सांगते काय म्हणतोय."