जावक क्रमांक २१७

खिलारेंना काढायचं ठरलं त्या दुपारी
ऑफिसातलं कपाट लागत नव्हतं.
सेक्रेटरींनी त्यांनाच हाक मारली.
ते आले, बिजागरीत तेल सोडलं,
दार जरा उचलून कुलूप लावून गेले.
आत त्यांचीच फाईल होती.

मी टाइप करत होते :
ज्याअर्थी आपण एकेचाळीस दिवस विनापरवाना गैरहजर
एकेचाळीस बरोबर आहे. मीच मोजलेत.
मस्टरवरच्या लाल रेघा माझ्या,
पट्टी लावून ओढलेल्या.

त्यांचा खुलासा दोन ओळींचा. बायको ससूनला.
डिस्चार्ज कार्ड मेव्हण्याकडे, मेव्हणा इंदापूरला.
‘खुलासा असमाधानकारक’
हे मला की-बोर्डकडे न बघता येतं.

चौकशी समिती तिघांची.
एक संस्थेचे. एक खिलारेंनी सुचवलेले, कात्रजहून यायचे,
बस चुकली की सही दुसऱ्या दिवशी.
तिसरे पुरस्कारप्राप्त शिक्षक, बिनसाखरेचा चहा.
कागदावर बैठका तीन.
चहाच्या बिलावर दोनच.

गुरुवारी सेक्रेटरींनी आदेशावर सही केली.
अहवाल यायचा होता.
‘पाठवा हो बाई. येईल सोमवारी.
तारखेचं बघू नंतर.’

मी पाठवलं. सांगितलं ते केलं.
जावक २१६ : महावितरण, मीटर जळाल्याबाबत.
जावक २१७ : श्री. मु. रा. खिलारे, प्रयोगशाळा परिचर, रजिस्टर पोस्टाने.
जावक २१८ : गणवेशाचं बिल परत.
तिन्हींसमोर गुरुवार,
माझ्या नेहमीच्या अक्षरात.

सोमवारी अहवाल आला. आवक १०९.
मंगळवारी सेक्रेटरी स्वतः माझ्या टेबलाशी,
वीस वर्षांत पहिल्यांदा उभे.
‘बाई, ते रजिस्टर…’
पानांना छापील नंबर आहेत, सर.
‘व्हाइटनर असेल ना?’
संपलाय. मागणीपत्र तुमच्याकडे सहीला आहे,
जूनपासून.

खिलारे निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही.
एकेचाळीस म्हणजे एकेचाळीस.
पण आधी फाशी आणि मग पंचनामा
हे मला टाइप करता येतं,
खोडता येत नाही.

प्रयोगशाळेत आता कंत्राटी मुलगा आहे.
आठवड्याला दोन बीकर.

काल खिलारे आले, फाटकाशीच थांबले.
मी खूण केली तेव्हा आत.
हातात अर्ज, वकिलाच्या अक्षरात :
आवक-जावक रजिस्टरच्या नकला मिळाव्यात.
न्यायाधिकरणात जायला तीस दिवस असतात.
काल बाविसावा होता.
‘हे कशाला लागतं हो बाई त्यांना?’
असेल काहीतरी, मी म्हटलं.

दोन पानं, पानाला दोन रुपये.
त्यांनी पाचाचं नाणं ठेवलं.
माझ्याकडे सुटा रुपया नव्हता.
ते ‘राहू दे’ म्हणाले,
मी ‘थांबा’ म्हटलं,
आणि शाळाभर एक रुपया शोधत हिंडले.