रात्रभर ठेवलेला जॉब

शेवटचा कट रात्री घ्यायचा नाही.
परकार उस्तादांनी हे मला
बोरिंग मशीनला हात लावू देण्याच्या वर्षभर आधी सांगितलं,
मी तेव्हा झाडू मारायचो, कीस घमेल्यात भरायचो,
बिडाचा काळा कीस, जो नाकात बसतो
आणि रविवारी रुमालावर उतरतो.

दिवसभर कापलेलं बीड तापतं, फुगतं.
तापल्या भोकाचं माप खोटं.
"ताप उतरल्याशिवाय पोराचं वजन करतात का?"
हे कुठलं शास्त्र ते त्यांनाच ठाऊक,
पण डायल पुसून लाकडी पेटीत ठेवायचे,
जॉबवर गोणपाट टाकायचे,
दिवा मालवायचे.
झोपू दे त्याला.

अठ्ठ्याऐंशीचा मे महिना. रबाळ्याची पत्र्याची शेड.
साखर कारखान्याचा गिअरबॉक्स, साडेचार टनांचा,
टेबलावर बसवून सरळ करण्यात अख्खी पाळी गेलेली.
उस्ताद खेडला, भाचीच्या लग्नाला.
सकाळी ट्रक येणार.
सुपरवायझर लोटलीकर दर तासाला यायचा,
काही बोलायचा नाही, घड्याळाकडे बघून जायचा.
मी म्हटलं, सकाळपर्यंत किती आखडेल ते मला कळतं,
तेवढं आत्ताच जास्त कापू.
मला काही कळत नव्हतं.

रात्री तीनला बार आत गेला. आवाज छान, एकसुरी.
चुकीचा कट बरोबर कटासारखाच वाजतो.

सकाळी सहाला काटा
पॉइंट झिरो चारने पुढे.
माणसाच्या केसाहून बारीक.
कमी असतं तर अजून कापलं असतं.
जास्त झालेल्याला काय करणार?
मी गोणपाट पुन्हा टाकलं
आणि शेजारी बसून राहिलो, जसं कोणी आजारी आहे.

उस्ताद सोमवारी आले. ट्रक दोन दिवस गेटवर.
माझ्याकडे न बघता त्यांनी तीनदा माप घेतलं.
मग ते भोक अजून मोठं केलं,
वीस मिलिमीटर, मुद्दाम,
आणि त्यात बुश बसवला,
कोरड्या बर्फात आखडवून,
दोघांनी हातमोज्यांत धरून, एका दमात.
लोटलीकरला म्हणाले, कास्टिंगमध्ये पोकळ निघाली.
रजिस्टरवर सही केली.
मला काहीच म्हणाले नाहीत.
दुपारी डब्यातला अर्धा बांगडा
माझ्या झाकणात ठेवला फक्त.

अजून कुठेतरी दिवाळीनंतर ऊस आत जात असेल,
आणि तेलात बुडालेली माझी चूक
चोवीस तास भार उचलत असेल.
उस्तादांना जाऊन अकरा वर्षं झाली.
आता हे माहीत असलेला मी एकटा.

शेड विकली गेली. इथे कॉम्प्युटरचं कोठार होणार,
गार हवेत ठेवलेलं, माणसं नसलेलं.
मशीन राजकोटला चाललंय.
काल त्याचं फाउंडेशन फोडलं. आठ फूट काँक्रीट,
त्याखाली काळा चिखल,
चिखलात शिंपल्या.

प्रणय मढवी, माझा शेवटचा हेल्पर, घणसोलीचा,
त्याने वाकून एक उचलली.
म्हणाला, आजोबांचं खारीचं शेत इथवर होतं.
कुठून कुठवर, ते त्याला नक्की सांगता येईना,
हाताने दाखवत राहिला,
टूलरूमपासून सायकलस्टँडपर्यंत असं काहीतरी.
आणि मग हात खाली केला.

मी खिशातून व्हर्निअर काढला. सवय.
बत्तीस पॉइंट चार.
त्याने विचारलं, बरोबर?
छप्पर उतरवलेलं, बारा वाजलेले,
शिंपली तळहातावर चटका देत होती.
म्हटलं, आत्ता नको लिहूस.
सावलीत ठेव. उद्या सकाळी
पुन्हा मोजू.