तीन मिनिटं झाली

निरोप समारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला,
आणि एक भिंतीवरचं घड्याळ.
घड्याळ मी वॉचमनच्या केबिनला दिलं.
छत्तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं मोजलं होतं मी,
चरईतल्या एक्स्चेंजमध्ये, कानावर हेडफोन,
हातात दोऱ्या, समोर भोकांची भिंत.
"तीन मिनिटं झाली. वाढवायची?"
बाळंतपण असो, बयाणा असो, मयत असो,
तीन मिनिटं.

जानेवारीत खारकर आळीतून सायकल आणली,
जुनी, हिरवी, पुढे टोपली असलेली.
पहाटे पाचला सोसायटीच्या पार्किंगमध्ये
आठवीतली मृण्मयी सीट धरून मागे पळायची:
"आजी, खाली बघू नका, समोर बघा!"
साठ वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
सगळ्यांनी उलटंच सांगितलेलं.

मार्चपर्यंत उपवन जमलं.
मे महिन्यात गायमुख, खाडीकाठी, घामाघूम,
आणि तिथल्या टपरीवर आम्ही चौघी झालो.
फिलोमिना, जी चढावर मोठ्यानं प्रार्थना म्हणते
आणि उतारावर शिव्या देते.
कोलशेतची कुंदा केणी: पाण्याकडे नुसतं बघून
भरतीची वेळ सांगते, आणि चुकते.
डॉक्टर बिल्किस, दातांच्या.
दवाखाना बंद करून चार वर्षं झाली,
तरी कोणी हसलं की त्या आधी दाढा बघतात.

महिन्यातून एक रविवार रंगायतन, बाल्कनी.
तिसरी घंटा झाली की माझा उजवा हात
अजून अंधारात दोरी शोधतो.
एकदा दुसऱ्या अंकात विंगेतून फोन वाजला,
खोटाच,
आणि मी म्हणून गेले, "ठाणे!"
पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी
मान वळवून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

नोव्हेंबरात एकटी इटारसीला गेले.
तिथे बघण्यासारखं काय, सुनेनं विचारलं.
काही नाही. तिथे पुष्पलता चौरे होती.
अकरा वर्षं उत्तरेकडचे कॉल तिच्या हातून पुढे गेले,
आणि रात्रपाळीत लाइन मोकळी असली की
तिची सासू, माझं पित्त, नर्मदेचं वाढतं पाणी.
"हां थाना, बोलिए."
तिच्या नवऱ्याला कितीतरी दिवस वाटायचं,
बायको रोज रात्री पोलिसांशी बोलते.

दार तिनंच उघडलं. बुटकी निघाली.
मी आयुष्यभर तिला उंच धरून चालले होते.
समोरासमोर बसलो. मध्ये चिवड्याची बशी.
प्रवास कसा झाला? बरा झाला.
मुलं? एक भोपाळला. माझा पुण्यात.
पंखा फिरत राहिला.
दोन अनोळखी म्हाताऱ्या, साड्या नीट करत.
मग ती चहा टाकायला आत गेली
आणि भिंतीपलीकडून आला
तो आवाज, जसाच्या तसा, थोडा खरखरीत:
"हां थाना, और सुनाओ."
मी डोळे मिटून घेतले.
ती ओट्यापाशी, मी ओसरीवर,
दोन तास. चहा दोनदा उतू गेला.
कोणी मध्ये बोललं नाही.

डिसेंबरात येऊरच्या वळणावर पडले.
चूक माझी. माकडाकडे बघत होते.
डावं मनगट. प्लास्टरवर कुंदानं
पेननं भरतीची वेळ लिहून दिली.
फिलोमिनानं सायकलचा हँडल सरळ केला,
आपलाच असल्यासारखा.

वर्षाच्या शेवटच्या सकाळी त्या तिघी सायकलवरून,
मी रिक्षानं. गायमुख. तीच टपरी.
पाण्यावर पातळ धुकं, एक होडी जागच्या जागी,
कुंदाच्या हिशेबानं भरती, डोळ्यांना ओहोटी.
बिल्किस उठल्या, मागची माती झटकली,
"चला, नऊ वाजले, ऊन चढेल."
सगळ्या उठल्या. मी नाही उठले.
"वाढवा," मी म्हटलं.
"काय वाढवा?"
मी उत्तर दिलं नाही.
कुंदानं माझ्याकडे पाहिलं, हेल्मेट परत काढलं,
आणि टपरीवाल्याला
चार बोटं दाखवली.