हलू नकोस

लास्लोच्या बापाचा धंदा मयताचा,
टोलेडोत, नदीच्या पूर्वेला.
तळघरात शवपेट्यांचे नमुने, त्यांच्यावरच आमचे अँप.
तिथे आम्ही तीन कॉर्ड शिकलो.
चौथी कधी लागलीच नाही.

गाणं पावणेदोन मिनिटांचं.
वर करवतीसारखी गिटार,
आणि खाली, नीट कान दिला तर,
आयांच्या रेडिओवरचं जुनं, गुळमट प्रेमगीत.
तेच ओ-ओ,
फक्त प्रेयसी पुरलेली.

चार रेकॉर्डी. एक व्हॅन, तीही आधी मयताचीच.
डेटनला सत्तर माणसं, एरीला अकरा,
त्यातला एक बारवाला.
बफेलोत कुणी डुकराचं खरं काळीज स्टेजवर फेकलं;
देझोनं ते रुमालात बांधून नेलं,
कुत्र्यासाठी.

दर रात्री लास्लो आमची तोंडं रंगवायचा.
डोळ्यांभोवती काजळी, गालांत खड्डे, ओठांवर दात.
"हलू नकोस," म्हणायचा,
"माझी गिऱ्हाइकं हलत नाहीत."

मार्चमध्ये देझो गेला. आमचा ड्रमवाला.
काचकारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत.
लास्लोनं दार लावून घेतलं.
तेवीस वर्षं ज्याचं मढं केलं
त्याला आता माणसात आणायचं होतं:
थोडा गुलाबी, थोडा पिवळा,
हनुवटीवरच्या व्रणाला हात लावायचा नाही.
मी बाहेर, कोट हातात घेऊन.
आतून आवाज आला, सवयीचा,
"हलू नकोस."

मग बराच वेळ काही नाही.
मी उगाच बुटानं मोजलं,
एक, दोन, तीन.
चार तोच म्हणायचा.