जुना साठा

मुसाकाजीच्या जेटीवर, सोसायटीच्या पंपाशी
दराची पाटी माझ्या हातात आहे. दर नाही.
सकाळी सहाला फोनवर आकडा येतो,
मी ओल्या फडक्याने कालचा पुसतो
आणि बहुतेक वेळा कालचाच परत लिहितो.

सात आठवडे झाले, तसंच.
तिकडे आखातात पिंप उतरतंय,
रोज थोडं, कधी धपकन,
आणि नुरुद्दीन सोलकरला ते माझ्याआधी कळतं.
त्याचा जावई कुवेतला.
"पुरलकर, ह्यो आकडा गंजलाय काय?
जरा तेल लावा त्याला."

मी समजावतो. समजावणं मला पाठ आहे.
टाकीतला माल महागात घेतलेला,
तो खपल्याशिवाय नवा ओतणार कुठे?
मग कच्च्या तेलाचं जहाज, जहाजाचा विमा,
डॉलरपुढे वाकलेला आपला रुपया,
दिल्लीचा कर, मुंबईचा कर,
कंपनीचा मागच्या वर्षीचा खड्डा,
तो भरेपर्यंत थांबा.
पुढचा पंप बावीस किलोमीटरवर,
तोही त्याच कंपनीचा, हे मी सांगत नाही.

नुरुद्दीन सगळं ऐकून घेतो.
बिडी विझवतो, पंपापासून लांब,
त्या बाबतीत शिस्तीचा माणूस.
मग सावकाश विचारतो,
"नारली पुनवेला सा रुपये चढले, रातोरात.
तवा टाकीत सस्त्यातला माल व्हता ना?
तवा जुना साठा कुटं गेल्ता?"

बर्फ फोडणाऱ्याचा हात थांबला.
मी पावतीपुस्तकातला कार्बन सरळ केला.
तो सरळच होता.

खाडीचं असंच असतं, असं म्हणता आलं असतं.
बाहेर दर्याला सहा तास चढ, सहा तास उतार;
पण आत, राजापूरच्या अंगाला,
भरती घाईने येते, दोन-दोन पायऱ्या गिळत,
आणि ओहोटी चिखल धरून,
खारफुटीची मुळं मोजत रेंगाळते.
बाहेर पाणी केव्हाच उतरलेलं असतं,
आतल्या होडीला पत्ता नसतो.
पण चिखलाने पाणी अडवून
चार पैसे केल्याचं ऐकिवात नाही.
उपमा ओठांशी आली होती. गिळली.

संध्याकाळी त्याचा बांगडा जेटीवर आला.
नेमका तीन होड्यांना तोच लागला होता.
टोपली भुईला टेकायच्या आत
दर अर्ध्यावर.
तिथे कुणी म्हणालं नाही
की हा बांगडा महागाच्या डिझेलवर आलाय,
थांबा जरा,
जुना साठा संपू दे.

पाटीकडे बोट दाखवून
बर्फाची लादी पाच रुपयांनी वाढली होती,
टेम्पोची खेप शंभराने,
शेवंता मयेकरणीच्या चहाचा ग्लास मात्र
त्याच पैशात लहान झाला होता.
आणि मी. माझी मागची खोली
टेकराज नावाच्या नेपाळी खलाशाकडे आहे.
त्यालाही मी पाटीच दाखवली होती:
दोनशे जास्त, डिझेल बघतोस ना.
खोली डिझेलवर चालत नाही,
असं तो म्हणाला नाही.

काल सकाळी एकदाचा आकडा हलला.
चाळीस पैसे. खाली.
मी खडू नवा घेतला, अक्षर मोठं काढलं.
नुरुद्दीनने डोळे बारीक करून वाचलं,
"चालीस पैशे," म्हणाला,
"इतक्यात कोलंबीची मिशी येल,"
आणि दोनशे लिटर भरून घेतलं.
काय करणार? होडी पाण्यात होती.

रात्री टेकराज भाडं घेऊन आला. एक तारीख.
नोटा मोजून ठेवल्या, वाढीव दोनशे धरून.
मीही मोजल्या.
उंबऱ्याशी तो जरा घुटमळला,
चपलेचा अंगठा नीट करत.
वाटलं, आता विचारील.
माझं उत्तर तयार होतं:
कर, विमा, जहाज, रुपया,
सगळं पाठ.