पट वीस

आमच्या शाळेचा पट वीस.
वर्गात मोजाल तर एकोणीस.
विसावा मुलगा सांगलीला विश्रामबागेत राहतो,
संध्याकाळी नवोदयच्या क्लासला जातो,
आणि इथे, जतच्या पुढे सतरा किलोमीटरवर,
तिसरीपासून मी त्याला रोज हजर मांडतो.
एकदाही दांडी नाही. एवढा नियमित विद्यार्थी
माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत झाला नाही.

ग्रामीण भागाच्या जागा आहेत, म्हणून हे.
त्याचा बाप याच शाळेतला, मुरलीधर ऐवळे.
त्याचा फॉर्म तेव्हाच्या गुरुजींच्या खिशात राहिला,
तारीख गेली. आता मेडिकलचं दुकान आहे.
म्हणाला, "सर, जागा माझीच होती,
वीस वर्षं उशिरा मागतोय एवढंच."
मी सही केली.
पट विसाच्या खाली गेला तर शाळा बंद होईल
असं तेव्हा सगळे बोलत होते, हेही खरं.
शिक्का कोरडा होता, दोनदा मारावा लागला.

पाचवीत खरी बसते ती रेवक्का हाक्के.
तिच्यासाठी मी जतहून एक गाईड आणलं.
ती पेन्सिलीनं सोडवायची, खोडायची, परत सोडवायची,
पानं इतकी पातळ झाली
की मागच्या पानावरची उत्तरं पुढे दिसायची.
'गटात न बसणारी आकृती ओळखा.'
बराच वेळ बघून म्हणाली,
"गुर्जी, चारीबी येगळ्याच हायत की."
उत्तर क होतं. मी क सांगितलं.

परीक्षेच्या दिवशी माझ्या गाडीवर मागे बसून आली.
केंद्रावर कळलं, गोल काळ्या पेनानंच रंगवायचे.
मी तिला निळं दिलं होतं.
रांगेत पुढे चष्मा लावलेला एक मुलगा,
त्यानं कंपास उघडून काळं पेन काढून दिलं.
मग मला म्हणाला, "तुम्ही आमचे सर ना?"
आणि खाली वाकून पाया पडला.
तीन वर्षं मी हजेरी घेतलेला माझा विद्यार्थी
मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

यादी लागली. तो आहे, ती नाही.
केंद्रप्रमुखांच्या बैठकीत चहाबरोबर वाद झाला.
कुणी म्हणालं, गुणवत्ता ती गुणवत्ता,
कुणी म्हणालं, चिठ्ठ्या टाका सरळ,
एक मॅडम म्हणाल्या, एका जिल्ह्याला ऐंशीच जागा का,
याच्यावर कुणी बोला की.
माझ्याकडे सगळ्यांनी बघितलं.
मी बिस्किट बुडवलं, ते कपात पडलं.

सांगायला शेडवर गेलो.
रेवक्काची आई बेदाणा निवडत बसली होती,
पिवळा एकीकडे, काळपट दुसरीकडे.
निकालाचं तोंडात येईना, म्हणून विचारलं,
हा काळा का पडतो?
"वरच्या जाळीला वारं लागतंय, गुर्जी.
खालचा दमट ऱ्हातोय. बाग एकच."
आणि भाव?
"निम्म्याला जातोय."
एवढं बोलून ती पुन्हा निवडायला लागली.
तिला मी बेदाण्याचंच विचारत होतो, असं वाटलं असावं.

काल विसाव्याचा दाखला लिहिला.
वर्तन : चांगले.
शाळा सोडण्याचे कारण : पुढील शिक्षण.
पटावरच्या नावावर लाल रेघ मारली.
तीन वर्षांत पहिल्यांदा पट आणि पोरं जुळली.

आज सकाळी सवयीनं त्याचं नाव पुकारलं गेलं.
पोरं हसली. रेवक्का उठून टेबलापाशी आली,
मुठीतलं काळं पेन पुढे धरलं.
"ह्ये त्येचं ऱ्हायलंय माझ्याकडं.
सांगलीला गेलासा तर द्या."